डोळ्यातला लिम्फोमा: दुखणं डोळ्यात, मग एमआरआय मेंदूचा का?

तुम्ही विचारलंय की आईंना युव्हायटिस (डोळ्याच्या आतली सूज) म्हणून कित्येक महिने स्टिरॉइड दिलं, मध्ये बरंही वाटलं, आणि आता डॉक्टर लिम्फोमाचा, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाचा संशय सांगतात. आधीचे डॉक्टर चुकले का? आणि मेंदूचा एमआरआय कशाला?

मी रेटिनाचे रुग्ण पाहतो. डोळ्यातला लिम्फोमा युव्हायटिसचं हुबेहूब सोंग घेतो. नजर धूसर होते, डोळ्यापुढे ठिपके तरंगतात. डोळा मात्र बहुधा लाल नसतो, दुखतही नाही. स्टिरॉइडने काही कर्कपेशी मरतात म्हणून सुधारणा दिसते, डोस उतरवला की पुन्हा तेच. या फसव्या सुधारणेमुळे निदानाला वर्षसुद्धा लागतं, त्यामुळे लगेच कुणाला दोष देऊ नका. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच झालेला आणि सारखा उलटणारा युव्हायटिस असला की आम्हाला ही शंका येते.

खात्री होते ती व्हिट्रेक्टॉमीने, म्हणजे डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवाचा नमुना काढून. नमुना जेमतेम, त्यातल्या पेशी नाजूक. तो ताबडतोब प्रयोगशाळेत पोचावा लागतो. स्टिरॉइडही आधी थांबवावं लागतं, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. पेशी सापडल्या नाहीत तरी नमुन्यात इंटरल्यूकिन-१० या प्रथिनाचं प्रमाण इंटरल्यूकिन-६ पेक्षा जास्त असणं किंवा एमवायडी८८ जनुकातला बदल मोठा पुरावा ठरतो. म्हणून एक रिपोर्ट निगेटिव्ह आला की सुटलो, असं समजू नका.

आता मेंदू. निम्म्याहून अधिक रुग्णांत हा लिम्फोमा पुढेमागे मेंदूत दिसतो, काहींत तर निदानाच्या वेळीच असतो. उपचारांची खरी अडचण इथेच आहे. डोळ्यात मेथोट्रेक्सेट या कर्करोगावरच्या औषधाची ४०० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं देतात. प्रचलित पद्धतीत वर्षभरात २५ पर्यंत. त्यांनी डोळा बहुतेकदा आटोक्यात येतो, बुबुळावरचा पडदा दुखावून चुरचुरतो ते वेगळं. पण मेंदूला त्यांचं संरक्षण नाही. मेंदूपर्यंत पोचेल एवढं औषध शिरेतून द्यायचं तर डोस फार मोठा लागतो, आणि तो मूत्रपिंडांना झेपायला हवा. आजार फक्त डोळ्यात असताना हे द्यावं का, यावर तज्ज्ञांतही एकमत नाही. माझं मत विचाराल तर वय आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहून, रक्तविकारतज्ज्ञ आणि रेटिनातज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवावं. एकट्या नेत्रतज्ज्ञाचा हा निर्णय नव्हे.

उपचार संपल्यावरही काही वर्षं एमआरआय चालू ठेवा. दुसऱ्या डोळ्याचीही तपासणी करत राहा, कारण बहुतेकांत आजार दोन्हीकडे होतो. आईंचं बोलणं अडखळू लागलं, विसरायला होऊ लागलं किंवा स्वभाव बदलल्यासारखा वाटला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.