वाचकांचे प्रश्न : करड्या चित्रातून रंगांचे पॉझिटिव्ह कसे काढावेत?

प्रश्न : मी रामकुंड आणि गोदाघाटाच्या पायऱ्यांचे पेन्सिलीने छायांकन केलेले चित्र आमच्या ढोलपथकाच्या काळ्या टी-शर्टांवर छापायला दिले. छपाई करणाऱ्यांनी ते स्कॅन करून थेट काळे-पांढरे केले आणि पांढऱ्या शाईत छापले. पाण्यातील सावल्यांचे सपाट डाग झाले, शिवाय सगळे चित्र निगेटिव्हसारखे उलटे दिसू लागले. आता करडा, पांढरा आणि पाण्यावरच्या दिव्यांसाठी केशरी अशा तीन शायांत ते छापायचे आहे. एकाच करड्या चित्रातून तीन पॉझिटिव्ह (म्हणजे प्रत्येक शाईची स्क्रीन बनवण्यासाठी लागणारे काळे प्रिंट) कसे वेगळे करावेत?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपले चित्र उलटे का झाले, ते आधी पाहू. पॉझिटिव्हवर जिथे काळे असते तिथे स्क्रीन, म्हणजे छपाईची जाळी, उघडी राहते आणि तिथूनच शाई उतरते. कागदावर आपण सावली काळी केलीत, म्हणून सावलीच्या जागी पांढरी शाई उतरली. काळ्या कापडावर मात्र सावलीचे काम कापडच करते. तिथे शाई नकोच असते. म्हणून चित्र छपाईच्या मापात ३०० डीपीआयवर (इंचात ३०० बिंदू) ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत, स्कॅन करावे, सॉफ्टवेअरमधील लेव्हल्स (उजळ-गडदाच्या मर्यादा ठरवणारी सोय) वापरून कागदाचा मळकटपणा घालवावा आणि मगच ते इन्व्हर्ट करावे, म्हणजे काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे करावे.

या उलट्या चित्राच्या तीन प्रती कराव्यात. इथेच बहुतेकांची चूक होते : गडद भाग एका रंगाला, उजळ भाग दुसऱ्याला, असे चित्राचे तुकडे पाडले जातात आणि पायऱ्यांच्या उतारावर नकाशातल्यासारख्या कडा उमटतात. छटांची वाटणी करताना एक रंग विरत असतानाच दुसरा सुरू झाला पाहिजे. करड्याच्या प्रतीत कर्व्ह्ज (छटा कमी-जास्त करणारी वक्ररेषा) अशी वळवावी की मध्यम छटांनाच जवळजवळ पूर्ण शाई मिळेल आणि केवळ खोल सावल्यांत ती शून्यावर येईल. पांढऱ्याच्या प्रतीत फक्त मूळ चित्रातला सर्वांत उजळ भाग राखावा, म्हणजे पाण्यावरची चकाकी आणि पायऱ्यांच्या उन्हातल्या कडा. पण त्याची सुरुवात करड्याच्या क्षेत्रात थोडी आत शिरलेली असावी. केशरी मात्र कर्व्ह्जने मिळणार नाही, कारण करड्या चित्रात रंगाची माहितीच नसते. तो निर्णय आपला आहे. दिवे हाताने निवडून तेवढाच भाग तिसऱ्या प्रतीत ठेवावा, त्यातले छायांकन पुसू नये, आणि त्या जागी करडा काढून खाली पांढरा ठेवावा. काळ्या कापडावर थेट छापलेला केशरी विटकरी दिसतो. छापताना आधी करडा, मग पांढरा, शेवटी केशरी; प्रत्येकाच्या मध्ये फ्लॅशने (कापडावरची शाई तापवणाऱ्या यंत्राने) शाई वरवर सुकवून घ्यावी.

आता ठिपक्यांविषयी, कारण स्क्रीनला करडी छटा कळत नाही. तिला शाई आहे किंवा नाही एवढेच कळते. टी-शर्टसाठी इंचात ठिपक्यांच्या ४५ ओळींचा हाफटोन (लहान-मोठ्या ठिपक्यांनी छटा दाखवण्याची पद्धत) पुरेसा आहे. जाळीत इंचाला साधारण त्याच्या साडेचार पट, म्हणजे २०० धागे असावेत. ठिपक्यांचा कोन २२.५ अंश ठेवल्यास जाळीच्या धाग्यांशी नको ती नक्षी तयार होण्याचा धोका कमी होतो. तरीही पॉझिटिव्ह ताणलेल्या जाळीवर ठेवून उजेडाकडे धरून पाहावे. लाटा दिसल्या तर किंचित फिरवावे. कापडावर ठिपका पसरतो, ५० टक्क्यांचा ठिपका सहज ६५ टक्क्यांच्या पुढे भरतो, म्हणून मध्यम छटा संगणकावर आधीच हलक्या कराव्यात. ५ टक्क्यांखालचे ठिपके स्क्रीन धुताना टिकत नाहीत. त्यांच्यावर एखादी महत्त्वाची छटा अवलंबून ठेवू नये. ठिपके पाडल्यावर फाइल लहान-मोठी करू नये आणि प्रिंट १०० टक्के मापातच काढावी.

तिन्ही पॉझिटिव्हवर त्याच जागी रजिस्ट्रेशनच्या, म्हणजे रंग एकमेकांवर नेमके बसवण्याच्या, खुणा असाव्यात. लेझर प्रिंटरच्या उष्णतेने पॉझिटिव्हसाठी वापरलेला बटर पेपर आकसतो आणि तिन्ही कागद सारखे आकसतीलच असे नाही. मी स्वतः अशा एका कामात एक रंग जवळजवळ २ मिलिमीटर सरकलेला पाहिला आहे, तेव्हापासून एकाहून अधिक रंगांसाठी मी इंकजेटच्या फिल्मच वापरतो. पथकांची कामे ऐन श्रावणात येतात. नाशिकच्या पावसाळी हवेत स्क्रीनवरचे इमल्शन (प्रकाशाने घट्ट होणारा लेप) हाताला कोरडे लागले तरी आत ओल राहते आणि धुताना नेमके बारीक ठिपके गळतात. स्क्रीन रात्रभर पंख्याखाली, शक्य असल्यास दमट हवा न शिरणाऱ्या बंद खोलीत सुकवावी.

प्रश्न : फोटोशॉप नसेल तर हेच काम गिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जमेल का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : जमेल. प्रत्येक शाईची प्रत वेगळ्या ग्रेस्केल फाइलमध्ये ठेवावी, सर्व फाइल एकाच मापाच्या असाव्यात आणि खुणा प्रती करण्याआधीच मूळ चित्राभोवती काढाव्यात. कर्व्ह्जचे काम तसेच होते. ठिपक्यांसाठी त्यातील न्यूजप्रिंट हे फिल्टर वापरावे. मात्र त्याआधी फाइल ६०० डीपीआयपर्यंत वाढवून घ्यावी, नाहीतर ठिपके चौकोनी आणि दातेरी होतात.