मुंग्या पांढरे दाणे पळवतायत: लूट की बिऱ्हाड?

तासगावच्या द्राक्षबागेत बांधावरच्या एका बिळातून दुसऱ्या बिळाकडे मुंग्या पांढरे दाणे तोंडात धरून नेताना दिसल्या. या दुसऱ्यांची पिल्लं चोरून राबवणाऱ्या मुंग्या का, असं तुम्ही विचारलंय. बहुधा नाहीत. पावसाच्या तोंडावर आपल्याकडे मुंग्या बिऱ्हाड हलवतात आणि ते लांबून लुटीसारखंच दिसतं. शिवाय ते दाणे अंडी नसून अळ्या आणि कोश असतात. अंडी इतकी बारीक, की नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतात.

जिथून माल निघतोय त्या बिळाच्या तोंडाशी थोडा वेळ बसा. बिऱ्हाड असेल तर दोन्ही टोकांना एकाच जातीच्या मुंग्या असतात, झटापट नसते आणि पुष्कळदा मोठ्या मुंग्यासुद्धा अंग आखडून दुसरीच्या तोंडात लटकलेल्या दिसतात. लूट असेल तर तोंडाशी मारामारी, तुटलेले पाय, आणि घरच्या मुंग्या पिल्लं घेऊन गवताच्या काडीवर चढलेल्या. पण लूट म्हणजे गुलामी नव्हे. आपल्याकडच्या एनिक्टस मुंग्या (बारीक, डोळेच नसलेल्या, दाट रांगेत चालणाऱ्या) दुसऱ्या मुंग्यांची पिल्लं नेतात ती खायला.

खऱ्या गुलामकरी जाती मुख्यतः उत्तरेकडच्या थंड प्रदेशातल्या. युरोपातली पॉलिएर्गस घ्या. जबडे कोयत्यासारखे, शत्रूचं डोकं भोसकायला उत्तम, बाकी कामाला कुचकामी. स्विस कीटक-अभ्यासक पिएर ह्यूबर यांनी १८१० मध्ये लिहिलेला प्रयोग असा: अशा ३० मुंग्या भरपूर अन्न आणि अळ्या-कोशांसह कोंडल्या, तर त्यांना स्वतःचं खाणंही जमेना, बऱ्याच मेल्या. मग त्या जिला गुलाम करतात त्या फॉर्मिका जातीची एकच मुंगी आत सोडली. तिने उरलेल्यांना भरवलं, अळ्या सांभाळल्या, खोल्याही बांधल्या.

या मुंग्या मुख्यतः कोश पळवतात, कारण मुंगी वसाहतीचा वास कोशातून बाहेर आल्यावर पहिल्या काही दिवसांत शिकते. जिथे जन्मली तेच तिला घर. मोठी मुंगी आणली तर ती भांडते. तरी हिशोब नेहमी जमतोच असं नाही: अमेरिकेतल्या गुलाम झालेल्या टेम्नोथोरॅक्स मुंग्या मालकिणींचे बरेच कोश मारून टाकतात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

म्हणून पुरावा हवा तो एका बिळात दोन वेगळ्या जाती, एकमेकींना तोंडातून भरवताना. नुसतं बिळाचं तोंड सामायिक असलेलं चालणार नाही. फोटो काढाल तर बाजूने काढा, कमरेला एक गाठ की दोन ते दिसलं पाहिजे. दुसरा समोरून, जबड्यांचा. चार-पाच मुंग्या ओल्या ब्रशने उचलून ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाका, तारीख-ठिकाण पेन्सिलीने लिहून चिठ्ठी आतच ठेवा. पेनची शाई विरघळते.

बांधावरच्या रांगेवर पावडर मारू नका, तिचा वेलीला त्रास नाही. मुंग्या खोडावर चढत असतील तर मात्र सैल सालीखाली पिठ्या ढेकूण (वेलीचा रस शोषणारी कीड, मिलीबग) बघा. त्याच्या गोड स्रावासाठीच त्या वर जातात.