मुलं दांडगट आणि मुली सोशिक, हे हार्मोनमुळे की घरच्या वळणामुळे?

यवतमाळकडच्या खेड्यात माझी कापसाची शेती आहे, त्यामुळे उत्तर शेतातूनच देतो. कारणं दोन्ही आहेत. पण शरीराच्या नावावर आपण बरंच काही खपवतो.

गड्याच्या हाताखांद्यांत बाईपेक्षा बळ जास्त, हे खरंच. वयात येताना टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन ते वाढवतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या एका जन्मजात विकारात मुलीला आईच्या पोटात असतानाच अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोनं, जास्त मिळतात; अशा मुली गाड्यांसारख्या खेळण्यांकडे जास्त वळतात, असं अभ्यासांत दिसलंय. मारामारीतही मुलगे पुढे. सरासरीनं, हं.

आता आमच्या वावरात या. वखर, डवरा ही बैलांची औतं गड्याची. निंदण, वेचणी बाईची. का, तर म्हणे बाईचा हात हलका. लहानपणी मायसोबत मीही वेचायला जायचो, तेव्हा माझा हात चालत होता. मिसरूड फुटलं आणि तोच हात जड झाला! वाळल्या बोंडाची टोकं बोटांत रुततात. मायच्या नखांच्या कडा हंगामभर चिरलेल्या असायच्या, रात्री ती त्यांत खोबरेल भरायची. आणि ही हलक्या हाताची बाई संध्याकाळी वीसेक किलोचं गाठोडं डोक्यावर घेऊन घरी यायची. तेव्हा बळाचा विषय कोणी काढत नसे.

डेन्मार्कच्या अर्थतज्ज्ञ एस्टर बोसरप यांनी 1970 मध्ये मांडलं होतं की नांगराला अंगचं बळ लागतं, म्हणून नांगराच्या मुलखात शेत पुरुषाकडे गेलं आणि बाई घराकडे ढकलली गेली. 2013 मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी ते आकड्यांवर तपासलं: ज्यांचे पूर्वज नांगर धरत, त्या समाजांत बायकांच्या नोकरीचं प्रमाण आजही कमी निघालं. म्हणजे सुरुवात खांद्यातून झाली, पुढचं रीतीनं चालवलं. उलट मेघालयातल्या खासी लोकांत घराणं आईकडून चालतं. तिथे चेंडू बादलीत टाकण्याच्या प्रयोगात चुरस लावायला बायकाच पुरुषांपेक्षा जास्त तयार झाल्या. टांझानियातल्या पुरुषप्रधान मसाई समाजात नेमकं उलटं.

आमच्याकडे आता वखराच्या जागी ट्रॅक्टर आहे. स्टिअरिंगला काय बळ लागतं? पुतणी रोज स्कूटीनं कॉलेजला जाते. गेल्या खरिपात तिनं ट्रॅक्टरची चावी मागितली. भाऊ म्हणाला, "तुह्यानं नाई होत वं माय." मी बाजूलाच होतो. काही बोललो नाही.