गादी नको, गोणपाट द्या
वाचकांचे प्रश्न : प्राण्यांचं शेल्टर आणि घरचे प्राणी

प्रश्न : आमच्या भिशीतल्या बारा जणींनी यंदा जवळच्या शेल्टरला मदत करायचं ठरवलंय. घरातल्या जुन्या गाद्या-उश्या, उरलेली औषधं आणि कुणाचा वाढदिवस असेल तेव्हा बिस्किटांचे पुडे द्यावेत, असा विचार आहे. चालेल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : गाद्या-उश्या नकोतच. कंटाळलेला कुत्रा पाच मिनिटांत उशी फाडतो आणि आतला कापूस किंवा फोम गिळतो. तो आतड्यात अडकला की पोट उघडावं लागतं. शिवाय गादी धुता येत नाही. खरजेचा एक पेशंट तिच्यावर झोपून गेला की ती फेकूनच द्यावी लागते. त्याऐवजी सुती चादरी, टॉवेल, जुनी लुगडी द्या. हुक आणि बटणं आधी काढून टाका. धुतलेली गोणपाटं सगळ्यात उत्तम. ती लवकर वाळतात आणि फाटली तरी हळहळ वाटत नाही. फक्त खताची किंवा कीटकनाशकाची पोती देऊ नका. रद्दी हवीच असते, कारण मांजरांच्या पिंजऱ्यात कागद रोज बदलावा लागतो. पण साधं वर्तमानपत्र द्या. गुळगुळीत कागदाची मासिकं पाणी शोषत नाहीत. हो, त्यात आमचा अंकही आला.

औषधं विचारल्याशिवाय नेऊ नका. माणसांसाठीच्या पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते, आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात. कापसाचे रोल, गॉज, ५ आणि १० मिलीच्या सिरिंज, हातमोजे, पोव्हिडोन आयोडिन मात्र कितीही आले तरी संपतात.

बिस्किटांबद्दल थोडं स्पष्टच लिहितो. मैदा आणि साखर खाऊन वीस कुत्र्यांची पोटं बिघडली की दुसऱ्या दिवशी ती घाण काढायला दोनच माणसं असतात. वाढदिवस साजरा करायचाच, तर मध्यम चणीच्या, म्हणजे साधारण १२ किलोच्या वीस कुत्र्यांच्या दिवसभराच्या जेवणाला अडीच किलो तांदूळ आणि अडीच किलो चिकन पुरतं. भात मऊ करा, हाडं काढून टाका, लाल भोपळा घातला तर छानच. मीठ, कांदा, लसूण नको. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या लाल रक्तपेशी फुटतात. शिजलेलं हाड तडकून टोकदार होतं आणि अन्ननलिकेत रुततं. न्यायच्या आदल्या दिवशी फोन करा, कारण आजारी प्राण्यांचं पथ्य वेगळं असतं.

आणि बारा जणींनी दरमहा २०० रुपये काढले तर महिन्याला २,४०० होतात. फोटोत दिसत नाहीत, पण पिंजरे धुणाऱ्या माणसाच्या पगाराला आणि विजेच्या बिलाला तेच उपयोगी पडतात. वर्षातून एकदा आलेल्या तांदळाच्या पोत्यांना टोके लागतात.

प्रश्न : भर पावसात गटाराजवळ कुत्र्याची डोळेही न उघडलेली दोन पिल्लं सापडली. शेल्टरला फोन केला तर म्हणाले, “शक्यतो इथे आणू नका.” मग ही शेल्टर्स आहेत कशासाठी?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : राग समजतो, पण त्यांनी बरोबर सांगितलं. शेल्टर हे आधी रुग्णालय असतं. लस न झालेल्या पिल्लाला तिथे सगळ्यात मोठा धोका पार्व्होचा, म्हणजे उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या रोगाचा. त्याचा विषाणू फरशीवर, मातीत, चपलांच्या तळव्यांना महिनोन्महिने टिकतो आणि फिनाइलला दाद देत नाही. त्याला ब्लीचच लागतं. निरोगी पिल्लाला घराचा कोपरा शेल्टरपेक्षा सुरक्षित.

पहिला प्रश्न, आई आहे का? ती बहुतेक वेळा अन्न शोधायला गेलेली असते. पिल्लं तिथेच चार पावलांवर कोरड्या आडोशाला आडव्या खोक्यात ठेवा आणि दोनेक तास लांबून बघा. भोवती गर्दी जमली तर ती येणार नाही. आली, तर पिल्लांना हात लावू नका, तिलाच पोटभर खायला घाला. तिच्या दुधाला तोड नाही.

आई आलीच नाही, तर आधी ऊब, मग दूध. हा क्रम चुकल्यामुळे बरीच पिल्लं जातात. गार पडलेल्या पिल्लाचं पोट काम करत नाही, दूध आत तसंच राहतं. तोंडात बोट घालून बघा. गार लागलं तर टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, म्हणजे जास्त झालं तर पिल्लाला सरकता येईल. तोंड उबदार लागल्यावर पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर कोमट पाण्यात कालवा. गाईचं दूध त्यांना पातळ पडतं आणि जुलाब होतात.

पाजताना पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा. एका वेळी १०० ग्रॅम वजनाला ४ मिलीच्या आसपास, म्हणजे २५० ग्रॅमच्या पिल्लाला १० मिली. पहिला आठवडा दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. डोळे उघडले की चार तासांनी. प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा. सुमारे तीन आठवड्यांपर्यंत त्यांना आपणहून शी-शू होत नाही, हे काम आई चाटून करते. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. दोन दिवस वजन हललं नाही तर डॉक्टरकडे चला.

जंताचं औषध दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, रेबीजची तीन महिन्यांनी. “एवढंसं पिल्लू, त्याला कसला रेबीज!” हे मनातून काढा. दात किंवा नख लागलं तर नळाच्या धारेखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. शेल्टरला पुन्हा फोन कराच, पण पिल्लं सोडायला नाही. दूध पावडर, लसी आणि दत्तकाची जाहिरात मागायला. अशी मदत करायला ते सहसा तयार असतात.

प्रश्न : बदली झाली आहे. नव्या शहरातला घरमालक कुत्रा नको म्हणतो. आमचा लॅब्रॅडॉर सहा वर्षांचा आहे. शेल्टरमध्ये ठेवून दरमहा खर्च पाठवला तर?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नको. सहा वर्षं सोफ्यावर झोपलेला कुत्रा पिंजऱ्यात गेला की अनेकदा खाणं सोडतो, आणि तुमच्या पैशांनी ते सुरू होत नाही. रस्त्यावर सोडणं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हाच आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही १० ते ५० रुपये, ही वेगळी लाज.

आधी घर बदलून बघा. सोसायटीला सरसकट पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. घरमालक मात्र करारात नाही म्हणू शकतो. त्याला लसीकरणाचं कार्ड, नसबंदीचा दाखला आणि थोडं जास्त डिपॉझिट दाखवा; बऱ्याचदा ‘नाही’चं ‘बघू’ होतं. प्रवासाची धास्ती असेल तर रेल्वेत एसी फर्स्ट किंवा फर्स्ट क्लासचा दोन बर्थचा कूपे अथवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल तर कुत्रा सोबत नेता येतो.

काहीच जमलं नाही, तर नवं घर तुम्हीच शोधा आणि त्यासाठी किमान सहा आठवडे हाताशी ठेवा. जाहिरातीत वजन, खाणं, मुलांशी कसा वागतो, कशाला घाबरतो, सगळं खरं लिहा. ‘नसबंदी झालेली नाही ना?’ हा पहिला प्रश्न विचारणाऱ्याला देऊ नका. त्याला कुत्रा नाही, पिल्लांचा धंदा हवा असतो. घर बघून या, ओळखपत्राच्या प्रतीसह लेखी करार करा, पंधरा दिवस परत घ्यायची तयारी ठेवा आणि महापालिकेच्या परवान्यावरचं नाव बदला.

प्रश्न : सोसायटीच्या सभेत ठराव झाला की भटक्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्याला दंड. हे कायदेशीर आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार आवारातल्या कुत्र्यांच्या खाण्याची व्यवस्था लावणं ही सोसायटीचीच जबाबदारी आहे. पण त्याच नियमांत खाऊ घालणाऱ्यांसाठीही अटी आहेत : जागा ठरलेली हवी, ती जिने, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर हवी, वेळ मुलं-म्हातारी माणसं बाहेर नसतील अशी हवी आणि नंतर कचरा राहता कामा नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशातही ठरलेल्या जागीच खाऊ घालण्यावर भर आहे. शाळा, रुग्णालयं, बस स्थानकं यांच्या आवारांबद्दलचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश वेगळा आणि बराच कडक आहे. तो सोसायटीला लावून भांडू नका.

सभेत कायद्याची कलमं वाचण्यापेक्षा यादी घेऊन जा. आवारात कुत्रे किती, त्यातल्या कितींच्या कानाला नसबंदीची इंग्रजी व्ही आकाराची खूण आहे, रेबीजची लस कुणाला कधी झाली. १०० पैकी ७० कुत्र्यांना लस मिळाली की त्या भागात रेबीजची साखळी तुटते. गोव्याने रेबीजवर ताबा मिळवला तो घरोघर, गल्लोगल्ली हेच गणित पाळून. खूण नसलेल्या कुत्र्यांसाठी महापालिकेला पत्र लिहा आणि त्यावर अध्यक्षांची सही घ्या. विरोधक सही करतो तेव्हा अर्धं काम झालेलं असतं.

प्रश्न : सासूबाई वारल्या. त्यांचा पोपट शेल्टरला देऊ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुळातच बेकायदा आहे, त्यामुळे हे काम वनखात्याचं. हेल्पलाइन १९२६. पिंजऱ्याचं दार उघडून सोडू नका. वर्षानुवर्षं बसून पंखांतलं बळ गेलेलं असतं, दुपारपर्यंत कावळे गाठतात.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याला शेल्टरला पैसे पाठवायचे आहेत. इथे मीही देते. करसवलत कुणाला?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मुलाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल तर त्याची देणगी परदेशी धरली जात नाही; तो आपल्या इथल्या खात्यातून सरळ देऊ शकतो. अमेरिकन नागरिक झाला असेल, मग ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) कार्ड असलं तरी, संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची नोंदणी हवी आणि पैसे तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यातच जायला हवेत. ‘माझ्या जीपेवर टाका’ म्हणणाऱ्या संस्थेला नकार द्या.

तुम्हाला ८०जी या नावाने ओळखली जाणारी सवलत मिळेल, पण जुनी करपद्धत निवडली असेल तरच आणि संस्थेची तशी नोंदणी असेल तरच. २,००० रुपयांच्या वर रोख दिलेत तर त्यावर काहीच सवलत नाही.

प्रश्न : पंधरा वर्षांच्या मुलीला दर रविवारी शेल्टरमध्ये जायचंय. पाठवावं का? घरी दोन महिन्यांचं पिल्लूही आहे.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पाठवा, पण आधी तिला रेबीजची प्रतिबंधक लस द्या : पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि २१ किंवा २८ व्या दिवशी. ही घेतलेली असली तरी चावल्यावर डॉक्टरकडे जावंच लागतं, फक्त डोस कमी लागतात. तिथे गेल्या गेल्या कुत्रे फिरवायला मागू नये. सुरुवातीचे काही रविवार भांडी घासणं, कागद घालणं, पिंजऱ्याबाहेर बसून घाबरट मांजरांशी हळू आवाजात बोलणं, एवढंच. पायात पूर्ण बंद बूट हवेत.

घरच्या पिल्लाचं जास्त महत्त्वाचं. त्याचे लसीचे डोस अजून संपलेले नाहीत. शेल्टरचे बूट वेगळे ठेवा आणि ते दाराच्या आत आणू नका. ३० भाग पाण्यात १ भाग ब्लीच घालून त्यांचे तळवे भिजवा, दहा मिनिटं तसेच राहू द्या, मग धुवा. कपडे थेट मशिनमध्ये, मुलगी थेट न्हाणीघरात, आणि पिल्लू तोवर दुसऱ्या खोलीत.