एबीएसचा दिवा जात नाहीये? मॉड्यूलचा विचार सगळ्यात शेवटी

तुम्ही लिहिलंय की 2011 ची हॅचबॅक आहे, गाडी चिपळूणला असते, पावसाळ्यापासून एबीएसचा (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा लागतो, पुढचा डावा सेन्सर, म्हणजे त्या चाकाचा वेग मोजणारा, बदलून झाला तरी दिवा महिनाभरात परत आला आणि आता गॅरेजवाला म्हणतोय मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा पंप, व्हॉल्व्ह आणि कंट्रोलरचा डबा, गेलंय. तर आधी एवढंच सांगतो, मॉड्यूलचे पैसे लगेच काढू नका. मॉड्यूल जातंच नाही असं नाही, पण कोकणातल्या पावसापाण्यात राहिलेल्या गाडीत बहुतेक वेळा भानगड चाकापाशीच निघते.

पहिलं म्हणजे दिवा नक्की कधी लागतो ते बघा, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. चावी फिरवल्यावर दिवा लागून दोन-चार सेकंदांत विझायला हवा, तो विझतच नसेल तर तुटलेली तार, फ्यूज, कमी व्होल्टेज किंवा मग खरंच मॉड्यूल. विझतो पण गाडी वीसेक किमीचा वेग घेताना परत लागतो, तर सेन्सरचा सिग्नल नाहीतर पंप, कारण बऱ्याच गाड्यांत पंपाची सेल्फ टेस्ट साधारण त्याच वेगाला होते. आणि कोरड्या रस्त्यावर गाडी थांबता थांबता ब्रेकचं पेडल उगाचच थरथरतं, गर्रर्र आवाज येतो, असं होत असेल तर जवळजवळ खात्रीने कुठल्यातरी चाकाचा सिग्नल कमी वेगाला तुटतोय.

दुसरं, कोड (बिघाड झाला की गाडी स्वतःच नोंदवून ठेवते तो नंबर) वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्वस्तातला ब्लूटूथवाला स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड दाखवतो, एबीएसचे C ने सुरू होणारे दाखवत नाही, त्यामुळे "स्कॅन केलं, काही नाही" यावर विश्वास नको. एबीएस वाचणारा स्कॅनर असलेला माणूस गाठा आणि त्याला कोड उडवायच्या आधी लिहून द्यायला सांगा (ही लोकं आधी उडवतात, मग विचारतात काय होतं!). C0035 म्हणजे सर्वसाधारणपणे पुढचं डावं चाक, C0040 पुढचं उजवं, पण कंपनीगणिक बदलतं. मग स्कॅनरवर लाइव्ह डेटा (चालू गाडीतले आकडे) लावून एकाने गाडी मोकळ्या रस्त्यावर हळू चालवायची आणि दुसऱ्याने शेजारी बसून चारही चाकांचा वेग बघायचा. तीन चाकं 12 दाखवतात आणि एक मध्येच 0 होतं, तेच चाक. सगळी चाकं नीट असतील आणि कोड पंपाचा किंवा व्हॉल्व्हचा असेल तरच मॉड्यूलकडे वळायचं.

आता तुमच्या केसमध्ये नवा सेन्सर टाकूनही दिवा परत आलाय म्हणजे मला दोन जागांचा संशय आहे. एक, वायर. सेन्सरपासून निघालेली वायर स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअप्सच्या) बाजूने आत जाते आणि दर वळणाला वाकते, वरून कव्हर छान दिसतं पण आतली तांब्याची तार हिरवी पडून भुकटी झालेली असते. मडगार्डचं आतलं प्लास्टिक काढा, कनेक्टर उघडा, पिनांवर हिरवट-पांढरं काही दिसतंय का बघा, मग लाइव्ह डेटा चालू ठेवून दुसऱ्याला वायर हलवायला सांगा, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जोड द्यायचा तर सोल्डर करून हीटश्रिंक, नुसती पीळ मारून टेप नको, पुढच्या पावसाळ्यात परत तेच. उंदरांनी कुरतडलंय का तेही बघून घ्या.

दोन, गंज. सेन्सर ज्या भोकात बसतो तिथे गंज फुगून सेन्सरला हळूहळू वर ढकलतो, गॅप वाढते, सिग्नल कमजोर होतो. नवा सेन्सर त्याच गंजावर दाबून बसवला तर तोही तेच करणार. भोक आणि बसायची जागा पॉलिश पेपरने लख्ख करून मगच बसवा. चाकासोबत फिरणाऱ्या, सेन्सर जिच्यावरून वेग मोजतो त्या रिंगचे दात गंजलेत, चीर गेलीये का तेही चाक फिरवून पूर्ण वर्तुळ बघा, एकच चीर असली तरी प्रत्येक फेरीत एकदा सिग्नल चुकतो. हल्लीच बेअरिंग बदललंय का? काही गाड्यांत दातांच्या रिंगऐवजी बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच मॅग्नेटिक पट्टी असते आणि ते उलटं बसवलं की सेन्सर कितीही नवा टाका, सिग्नल शून्य.

मल्टीमीटर लावणार असाल तर आधी सेन्सर कुठल्या प्रकारचा ते माहीत करून घ्या. जुन्या कॉइलवाल्या सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण एक-दोन किलोओहम येतो आणि चाक हाताने फिरवलं की मीटरवर एसी व्होल्ट दिसतात. नंतरच्या अ‍ॅक्टिव्ह (गाडीच्या सप्लायवर चालणाऱ्या) सेन्सरला ओहम लावायचेच नाहीत, खराब होऊ शकतो, तिथे चावी ऑन करून गाडीकडच्या कनेक्टरवर सप्लाय येतोय का तेवढं बघा.

बॅटरी जुनी असेल तर तीही तपासा, स्टार्टरच्या वेळी व्होल्टेज फार पडलं तरी काही गाड्या एबीएसचा कोड टाकतात.

तोवर गाडी चालवायला हरकत नाही, साधे ब्रेक काम करतात, फक्त ओल्या घाटात जोरात दाबले तर चाकं लॉक होणार हे धरून अंतर ठेवा. मात्र पिवळ्यासोबत हँडब्रेकचा लाल दिवाही लागत असेल तर प्रकरण वेगळं, आधी ब्रेक ऑइल बघा आणि ते ठीक असलं तरी गाडी चालवू नका, मागच्या चाकांचा ब्रेक सांभाळणारं ईबीडीही बंद पडलेलं असू शकतं. आणि कोणी त्या दिव्याचा बल्बच काढून देतो म्हणाला तर नको म्हणा.

कोड मिळाला की इथे टाका, आणि बेअरिंग कधी बदललंय का तेही लिहा, मग पुढचं बघू.