मॅचेस चालू झाल्या म्हणून वेट्स बंद करू नका

प्रश्न : सर, मी क्लबकडून फुटबॉल खेळतो, विंगर आहे. ऑफ सीझनला आठवड्यातून दोनदा मन लावून स्क्वॉट, डेडलिफ्ट केले आणि स्प्रिंटमधे खरंच फरक पडला. आता लीग चालू झाली तर टीममधले सिनियर म्हणतात वेट्स बंद कर, पाय जड होतात, मॅचनेच फिटनेस राहतो. बंद करू का?

उत्तर : अजिबात बंद करू नकोस, कमी कर. नॉर्वेच्या प्रोफेशनल फुटबॉलपटूंवरचा २०११ चा एक अभ्यास आहे, अगदी तुझ्याच प्रश्नावरचा. सीझनआधी सगळ्यांनी १० आठवडे आठवड्याला दोनदा वेट्स केले, मग सीझनमधे एका ग्रुपने आठवड्यातून एकदा आणि दुसऱ्याने दोन आठवड्यांतून एकदा, असं १२ आठवडे चाललं. पहिल्या ग्रुपची पायातली ताकद आणि ४० मीटरचा स्प्रिंट दोन्ही टिकलं, दुसऱ्याचं दोन्ही घसरलं. आणि मॅचेस, प्रॅक्टिस तर दोघांचीही चालूच होती ना, मग मॅचनेच सगळं राहतं असं कसं म्हणायचं?

पाय जड होतात हे मात्र खरंय, पण त्याचा दोष सहसा बारवरच्या वजनाचा नसतो. सेट्स जास्त होतात, प्रत्येक सेट पार दम निघेपर्यंत ओढला जातो, नाहीतर मधेच कोणीतरी नवीन एक्सरसाइज घुसवतं आणि मग पुढचे २४ ते ७२ तास पाय दुखतात. (ते दुखणं लॅक्टिक ॲसिडचं नसतं बरं का, लॅक्टेट तासाभरात खाली आलेलं असतं.) म्हणून वजन तेच ठेव, सेट्स काप. रविवारी मॅच असेल तर मंगळवारी किंवा बुधवारी स्क्वॉटचे दोन-तीन सेट, प्रत्येकी ४-५ रेप्स (म्हणजे सलग ४-५ वेळा), मधे तीन मिनिटं नीट रेस्ट, आणि अजून दोन रेप्स निघाल्या असत्या असं वाटलं की तिथेच बार रॅकवर. अर्ध्या-पाऊण तासात मोकळा होशील.

विंगर आहेस, कडेने सारखं स्प्रिंट मारावं लागतं, म्हणून अजून एक, नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, त्यांचा हा एक्सरसाइज) सोडू नकोस. मॅटवर गुडघ्यांवर बसायचं, पार्टनरने घोटे घट्ट धरायचे, गुडघ्यापासून खांद्यापर्यंत अंग सरळ ठेवून जमेल तेवढं सावकाश पुढे जायचं, सुटलं की हातावर झेलायचं. कमरेत वाकलास की सगळा लोड निघून जातो, तेवढं पार्टनरला बघायला सांग. डेन्मार्कमधे जवळपास हजार फुटबॉलपटूंवर हे करून बघितलं, नॉर्डिक न करणाऱ्यांमधे हॅमस्ट्रिंगच्या ५२ दुखापती झाल्या आणि करणाऱ्यांमधे १५. त्यांनी सुद्धा पहिल्या आठवड्यात एकच दिवस, ५ रेप्सचे दोन सेट एवढंच दिलं होतं, तू पहिल्याच दिवशी ३० मारल्यास तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येणार नाही आणि परत सगळे म्हणतील बघ, सांगितलं होतं. हॅमस्ट्रिंग आत्ता दुखावलेली असेल तर मात्र आधी फिजिओला दाखव.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे, बॅडमिंटन खेळते. कोचने वेट ट्रेनिंग सुचवलंय पण घरात सगळे म्हणतात उंची खुंटेल. काय करावं?

उत्तर : ताई, उंची खुंटत नाही, बिनधास्त पाठवा. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सचं सुद्धा हेच म्हणणं आहे की नीट शिकवलेलं आणि कोणी लक्ष ठेवून करून घेतलेलं वेट ट्रेनिंग या वयात सेफ आहे. हाडाच्या वाढीच्या भागाला इजा झाल्याच्या ज्या केसेस आहेत त्या बहुतेक चुकीची पद्धत, झेपत नसलेलं वजन आणि जवळ मोठं कोणी नाही अशा वेळच्या. आणि रोज कोर्टवर जंप स्मॅश मारून एका पायावर लँड होताना तिच्या अंगावर जो भार येतो तो हातातल्या डंबेलपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्याची भीती कुणाला वाटत नाही हे मला नेहमी खटकतं. पहिल्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन बसा. कोच रिकाम्या काठीवर स्क्वॉट शिकवत असेल, लँडिंगला गुडघे आत येतायत का ते बघत असेल तर काळजी नाही. किती किलो उचलतेस यावरच सुरुवात झाली तर दुसरा कोच बघा.