आमच्या रांगेत दिवे मंद, समोर लख्ख उजेड, असं का झालं असेल?

तुम्ही सांगितलेला क्रम असा: रात्री साडेनऊला बाहेर फट्ट आवाज झाला. आख्ख्या परिसरातली वीज दोनदा गेली नि आली. त्यानंतर पलीकडच्या वस्तीत सगळं सुरळीत, तुमच्या रांगेत मात्र दिवे पिवळट आणि पंखा रेंगाळत फिरतोय, आणि समोरच्या काही घरांत लख्ख उजेड. अडीच तासांनी सगळं पूर्ववत. मी बरीच वर्षं उपकेंद्रात शिफ्ट काढल्या आहेत, आणि रात्री असा फोन आला की आम्ही पहिला प्रश्न विचारायचो, "काळोख आहे की दिवे मंद आहेत?" अर्धं निदान त्यातच होतं.

मला विचाराल तर तुमच्या डीपीवरचा, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा, एक डीओ उडाला. डीओ म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर, खांबाच्या आडव्या अँगलवर तिरक्या लटकलेल्या तीन नळ्या असतात ना, ते उच्चदाब फ्यूज. आतली तार वितळली की फट्ट आवाज होतो आणि नळी खाली लोंबकळते. दिवसा खालूनसुद्धा दिसतं.

पण फ्यूज उडाला तर काळोख व्हायला हवा, दिवे मंद का? ट्रान्सफॉर्मरला वरून ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तीन तारा येतात आणि आतली तीन वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, त्यांच्यामध्ये त्रिकोणात जोडलेली असतात. एक तार गेली की एक वाइंडिंग पूर्ण दाबावर (व्होल्टेजवर) चालतच राहतं. उरलेली दोन एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि तोच दाब दोघांत वाटला जातो, साधारण निम्मा निम्मा. प्रत्येक वाइंडिंगमागे खाली एक फेज, म्हणजे घरांकडे जाणारी एक तार. म्हणून एका फेजवरची घरं लख्ख, दोन फेजवरची मंद. समोरचे नशीबवान म्हणजे पहिल्या फेजवरचे. खालचा, म्हणजे डीपीच्या पेटीतला फ्यूज गेला असता, तर त्या फेजची घरं सहसा ठार अंधारात जातात आणि बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

आता ती दोनदा झालेली ये-जा. उघड्या तारांवरचे बहुतेक फॉल्ट, म्हणजे शॉर्ट, क्षणिक असतात. फांदी घासली, वाऱ्याने तारा एकमेकींना भिडल्या, की झालं. त्यामुळे फीडरचा, म्हणजे उपकेंद्रातून निघालेल्या लाइनचा, ब्रेकर ट्रिप झाला (आपोआप बंद पडला) तरी काही सेकंदांनी पुन्हा चढवून बघतात. बऱ्याच ठिकाणी हे काम यंत्रच करतं. तुमच्याकडे दोनदा चढवूनही फॉल्ट तिथेच होता. शेवटी तुमचा डीओ वितळला, फॉल्ट लाइनपासून तुटला आणि पलीकडच्या वस्तीची सुटका झाली. फ्यूजने आपलं काम चोख केलं म्हणायचं.

फॉल्ट कशाचा होता? माझा पहिला संशय खारीवर. हसू नका. तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. खार मात्र ट्रान्सफॉर्मरच्या टाकीवरून चढते. टाकी अर्थ केलेली, म्हणजे जमिनीला जोडलेली, आणि पुढचे पाय चिनी मातीच्या बुशिंगच्या (तार टाकीत शिरते तिथल्या नळीच्या) टोकाला लागले की तिच्या अंगातूनच शॉर्ट. मी एकदा पाहिलं होतं, बुशिंगवर काळा ओरखडा, पितळी टोक एका बाजूने वितळून गोल झालेलं, आणि खाली गवतात ती. शेपटी तेवढी शाबूत. दुसरा संशय फांदीवर. तिला किरकोळ समजू नका: १४ ऑगस्ट २००३ रोजी ओहायोत ३४५ केव्हीच्या तारा तापून झोळल्या आणि झाडांना टेकल्या, पुढे साखळी लागून अमेरिका-कॅनडातले सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. आणि त्या रात्री तुमच्याकडे पहिलाच पाऊस पडला असेल, तर इन्सुलेटरवर साचलेली धूळ ओली होऊनही ठिणगी उडते.

ओव्हरलोड हे सगळ्यांचं लाडकं कारण, पण इथे बसत नाही. त्याने सहसा पेटीतला फ्यूज जातो, आणि त्यासाठी आख्खा परिसर लुकलुकत नाही. जमिनीखालची केबल गेली असती तर जागा शोधून, खणून, जोड मारून अडीच तासांत वीज येणं कठीण. ट्रान्सफॉर्मरच जळाला असता तर नवा फ्यूज चढवताक्षणी तोही उडाला असता. अडीच तास लागले याचं नवल वाटू देऊ नका. फ्यूज बांधायला दहा मिनिटं पुरतात. फॉल्ट शोधणं, लाइन बंद करून घेणं, तारा अर्थ करणं आणि मगच खांबावर चढणं, वेळ त्यात जातो. रात्री घाई करून जीव गेलेले आहेत.

पुढच्या वेळी दिवे मंद झाले की आधी फ्रिज, पंप, एसी बंद करा. दाब निम्मा झाला की मोटरचा जोर पाव होतो. ती फिरत नाही, नुसती घूं करत करंट ओढते आणि जळते. आणि दिवे मंद न होता उलट डोळे दिपतील इतके प्रखर झाले, शेजाऱ्याने काही चालू-बंद केलं की कमी-जास्त होऊ लागले, तर न्यूट्रल, म्हणजे सगळ्या फेजची परतीची सामाईक तार, तुटलाय. तेव्हा विचार करत बसू नका, मेन स्विच पाडा. २३० व्होल्टच्या उपकरणांवर ४०० च्या आसपास चढू शकतात. हा प्रकार तुमच्याकडे झाला नव्हता, समोरच्यांचे दिवे नेहमीसारखेच होते असं तुम्हीच लिहिलंय. वीज आल्या आल्या सगळं एकदम लावू नका, एवढंही पाळा. साऱ्या गल्लीचे एसी एकाच वेळी सुरू झाले की नुकताच बांधलेला फ्यूज पुन्हा जातो.

सकाळी डीपीखाली जरा नजर टाका. कुंपणाच्या बाहेरूनच, आत जाऊ नका. खार किंवा करपलेली फांदी दिसली तर इथे कळवा.